जुनाट पाठदुखी : शरीर आणि मन

अकोल्याहून वाशिमकडे जाताना पातूर मागे पडले की पुढे मेडशी लागते. मालेगाव तालुक्यातील हे गाव शेतीवर जगणारे. सोयाबीनची सोंगणी असो की कपाशीची वेचणी, या परिसरातील कष्टकऱ्यांचा, विशेषतः स्त्रियांचा, दिवस वाकण्यात जातो. संध्याकाळी कमरेवर हात ठेवून उठणारी माणसे येथे कोणालाच नवी नाहीत. फळ्यावर लिहून शिक्षकाचा खांदा आणि दप्तर लिहून ग्रामसेवकाचा हात भरून येतो, तोही याच दुखण्याचा दुसरा प्रकार होय.

कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. सुशिक्षित मंडळी या रीतीला हसतात. परंतु ज्याच्या पाठीला पाय लागला त्याला बहुधा उतार पडतो, हेही खरे. त्याचे कारण पायाळू माणसाच्या पायात नसून उसणेच्या स्वभावात आहे. स्नायू ताणल्याने उद्भवलेली बहुतेक दुखणी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. शिवाय आता बरे वाटणार अशी खात्री मिळाली की मनुष्य निर्धास्तपणे हिंडूफिरू लागतो, आणि हिंडण्याफिरण्यानेच पाठ मोकळी होते. हे दुसरे कारण वाटते तितके क्षुल्लक नाही.

प्रश्न आहे तो तीन महिने उलटूनही न हटणाऱ्या वेदनेचा. वैद्यकशास्त्र तिला जुनाट वेदना म्हणते. मूळची दुखापत भरून आलेली असते, तपासणीत गंभीर असे काही सापडत नाही, तरी दुखणे कायम राहते. असे का व्हावे? पिकाची जागल करणाऱ्या माणसाचे उदाहरण घेऊ. एका रात्री रानडुकरांचा कळप शेतात शिरला आणि निम्मे पीक गेले. त्यानंतर हा जागल्या वाऱ्याने पान हलले तरी आरोळी ठोकतो. आरोळी खरी असते, त्याची भीतीही खरी असते. शेतात डुक्कर मात्र नसते. आपल्या मज्जासंस्थेचे असेच होते. वेदना म्हणजे शरीराने मेंदूला पाठविलेली केवळ तार नव्हे. आलेल्या वार्तेचा अर्थ मेंदू लावतो आणि धोका किती आहे ते ठरवतो. रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 साली वेदनेच्या ‘दारा’चा सिद्धांत मांडला, तेव्हापासून या विचाराला शास्त्रात भक्कम स्थान मिळाले. चिंता, अपुरी झोप, कर्जाचा घोर, घरातील तंटा यांनी ते दार अधिक उघडते. विश्रांती, विश्वास आणि निर्भय हालचाल यांनी ते लोटले जाते.

या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योगक्रियांचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला. पुढे 1952 साली जगद्विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्यूइन भारतात आले असता मुंबईत त्यांची भेट पुण्याचे योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी झाली. मेन्यूइन तेव्हा 35 वर्षांचे होते. स्नायूंच्या ताणाने आणि थकव्याने ते हैराण झाले होते. ज्या हातावर सारी कीर्ती उभी, तोच हात साथ देईना. स्वतः अय्यंगार बालपणी हिवताप आणि क्षय यांनी खंगलेले. 1937 पासून ते पुण्यात योग शिकवीत होते. थकलेल्या पाहुण्याला त्यांनी प्रथम शवासनात निजविले, आणि कित्येक दिवसांत लाभली नव्हती अशी विश्रांती त्याला मिळाली. कठीण आसने नंतर आली. 1954 साली मेन्यूइन यांनी त्यांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतले, आणि एक घड्याळ भेट देऊन त्यावर अय्यंगार हे आपले सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक असल्याचे कोरविले. व्हायोलिन कधी हाती न धरणाऱ्या माणसाचा हा गौरव होय! यात चमत्कार काही नव्हता. आवळलेला हात सैल पडण्यास आवळलेले मनही सैल पडावे लागले, इतकेच.

अलीकडच्या संशोधनाने या अनुभवाला बळकटी दिली आहे. पाठ मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात वीस वर्षे वयाच्या 37 टक्के, पन्नाशीच्या 80 टक्के आणि ऐंशी वर्षांच्या 96 टक्के व्यक्तींच्या मणक्यांतील गाद्यांची झीज आढळली. म्हणजे मणक्यांची झीज ही पुष्कळदा पिकलेल्या केसांसारखी असते. अमेरिकेत कोलोराडो येथे जुनाट पाठदुखीच्या 151 रुग्णांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. आपली पाठ मोडलेली नाही, मेंदू खोटा इशारा देत आहे, हे चार आठवडे समजावून ज्यांच्याकडून निर्भयपणे हालचाल करून घेतली, अशा 50 जणांपैकी 33 जणांची वेदना संपली किंवा नाममात्र उरली. नेहमीचेच उपचार चालू ठेवणाऱ्या 50 जणांत ही संख्या अवघी 5 होती.

मात्र ते रुग्ण बव्हंशी सुशिक्षित होते, दिवसभर सोयाबीन सोंगणारे नव्हते. मजुरीसाठी आठ तास वाकणाऱ्या बाईला ‘तुझे दुखणे मनाचे आहे’ असे सांगणे हे अज्ञान तर आहेच, अपमानही आहे. दुखणे मनाने वाढते याचा अर्थ ते खोटे असते असा नव्हे. तिला अधूनमधून पाठ सरळ करण्यास उसंत मिळावी, लांब दांड्याची अवजारे मिळावीत, हाही उपचारच होय.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर, वैद्यकातील अधिकारी नव्हे. पण उजव्या हाताचे दुखणे त्याने दोन वर्षे भोगले आहे. एका दवाखान्यात ‘नस दबली आहे, हात जपा’ असे सांगण्यात आले, आणि जपता जपता पाण्याची बादली उचलण्याचेही भय वाटू लागले. भाचीच्या लग्नात पंगतीला वाढताना मात्र तो हात दुपारभर दुखला नाही. सोमवारी कार्यालयात टाचणी हाती घेताच पुन्हा ठणकू लागला. तेव्हा कोठे डोक्यात प्रकाश पडला. रोज थोडे चालणे, सावकाश श्वसन आणि ज्या कामाची धास्ती वाटे तेच काम थोडे थोडे वाढवीत करणे, या क्रमाने हात मोकळा होण्यास सहा महिने लागले.

‘गादी सरकली’, ‘आता जन्मभर वाकायचे नाही’ असे शब्द गावात सहज उच्चारले जातात. शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या शब्दाला गावात वजन असते. म्हणून त्यांनी तरी ते जपून वापरावेत. अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला आता डॉक्टर सहसा देत नाहीत. मनावरील ताण असह्य झाला असल्यास टेलि-मानस या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

काही लक्षणांत मात्र मनाचा विचार बाजूस ठेवावा. पाठदुखीबरोबर ताप येणे किंवा वजन घटणे हे मणक्याच्या क्षयाचे चिन्ह असू शकते. झाडावरून वा गाडीवरून पडल्यानंतरचे दुखणे, पायांतील शक्ती जाणे, बैठकीची जागा बधिर होणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, त्याचप्रमाणे छातीत दडपण येऊन हात दुखणे, या प्रसंगी धीर देत बसू नये. रुग्णाला विनाविलंब दवाखान्यात न्यावे.