ऊन झेलूनही न तुटणारा रेणू: पानं, पाणघोडे आणि शैवालाचं सनस्क्रीन

कालच्या भागात रेणूंची नावं भराभर गेली, म्हणून हे लिखित रूप. बसमध्ये, जिममध्ये ऐकणाऱ्यांनी आता निवांत वाचा.

उन्हाळा लागला की आपल्या इनबॉक्सात एकच प्रश्न येतो: "केमिकलवालं सनस्क्रीन लावू, की सरळ खोबरेल तेल?" उत्तर आधीच देऊन टाकतो. खोबरेल तेलाने त्वचा मऊ राहते, पण उन्हापासून पुरेसं संरक्षण मिळत नाही. रीलवाल्या ताईंनी कितीही शपथेवर सांगितलं तरी नाही.

पण प्रश्नामागची शंका अगदीच हवेतली नाहीये. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या शास्त्रज्ञांनी २४ निरोगी लोकांना चार दिवस, दिवसातून चार वेळा सनस्क्रीन लावायला दिलं. ऑक्सिबेन्झोन, अ‍ॅव्होबेन्झोन असे चार घटक त्यांच्या रक्तात सापडले, आणि तेही ज्या पातळीच्या वर गेलं की जादा सुरक्षा-चाचण्या कराव्या लागतात, त्या पातळीच्या वर. याचा अर्थ विष सापडलं असा नाही. सनस्क्रीन लावणं थांबवू नका, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. अर्थ एवढाच की तपासणी बाकी आहे. दुसरीकडे प्रवाळांना त्रास होतो म्हणून हवाईने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट असलेल्या सनस्क्रीनची खुली विक्री बंद केली.

म्हणजे चांगला पर्याय हवाच आहे. तो शोधायचा कसा?

आधी सनस्क्रीनमधला रेणू करतो काय, ते बघू. अतिनील किरणांपैकी यूव्हीबी, साधारण २९० ते ३२० नॅनोमीटर, त्वचा भाजतात. यूव्हीए, म्हणजे ३२० ते ४००, जास्त खोल जातात, आणि खिडकीच्या काचेतूनही बऱ्यापैकी येतात. फिल्टरचा रेणू हे किरण गिळतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. खरी गंमत पुढे आहे: गिळलेल्या ऊर्जेचं करायचं काय?

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. सर्व्हरवर रिक्वेस्ट आली, काम केलं, मेमरी मोकळी केली, पुन्हा तयार. हा चांगला कोड. मेमरी सोडलीच नाही तर काही वेळाने सगळं कोसळतं. रेणूचंही तसंच. ऊर्जा पटकन उष्णता म्हणून सोडून तो मूळ रूपात आला तर पुढचा किरण घ्यायला मोकळा. नाही आला, तर तुटतो, किंवा शेजारच्या रेणूंशी नको त्या भानगडी करतो. अ‍ॅव्होबेन्झोन यूव्हीए छान अडवतो, पण एकटा ठेवला तर उन्हात खराब होतो. म्हणून त्याला सांभाळायला दुसरे घटक घालावे लागतात. झिंक ऑक्साइड टिकाऊ आहे, पण आपल्या सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं, आणि मग लोक ते लावतच नाहीत. न लावलेल्या सनस्क्रीनचा एसपीएफ शून्य!

आता पानाकडे बघा. झाडाला सावलीत पळता येत नाही. मोहरीच्या कुळातली झाडं पानाच्या वरच्या थरात सिनापॉइल मॅलेट नावाचा रेणू साठवतात. तो ज्यांच्यात बनत नाही अशी झाडं यूव्हीबीत लवकर करपतात. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या गटाने अतिवेगवान लेझरने तो तपासला. किरण पडला की रेणू एका दुहेरी बंधाभोवती पिळतो आणि ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. हे सगळं काही दहा पिकोसेकंदांत. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. (चेहरा तापेल का? नाही. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यऊर्जेत यूव्हीचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपासच असतो.)

पाणघोड्याचा 'लाल घाम' तर भन्नाटच. अंगावर येतो तेव्हा रंगहीन, मग लाल, मग तपकिरी. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये त्यातली रंगद्रव्यं वेगळी केली. ती यूव्ही शोषतात, आणि लालवालं जंतूंची वाढही रोखतं. पण ते अस्थिर, आणि लाल. ऑफिसला कोण लावून जाणार?

माझी पैज मात्र शैवालावर आहे. सुशीला गुंडाळतात त्या नोरीत शिनोरीन आणि पॉर्फिरा-३३४ असे छोटे रेणू असतात. ते ३३४ नॅनोमीटरच्या आसपास जोरदार शोषतात आणि ९५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतात. याच कुटुंबातले रेणू प्रवाळांतही आहेत. ग्रेट बॅरियर रीफमधल्या प्रवाळांतला असा यूव्ही शोषणारा पदार्थ १९६९ मध्येच नोंदवला गेला होता. ज्या प्रवाळांना आपलं सनस्क्रीन त्रास देतं, त्यांच्याकडे स्वतःचं आधीपासून आहे!

अडचण उत्पादनाची. शैवालात हे रेणू थोडेच मिळतात. २०१० मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी शिनोरीन बनवणारी जनुकं शोधली. फक्त चार एन्झाइमचं काम. २०१८ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात ती जनुकं प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या सायनोबॅक्टेरियात घालून शिनोरीन बनवलं गेलं. दुसऱ्याच्या रेपोतलं मॉड्यूल उचलून आपल्या सर्व्हरवर चालवण्यासारखं.

तरी बाटलीत यायला वेळ आहे. शिनोरीन पाण्यात विरघळतं, म्हणजे आपल्याकडच्या घामात टिकवायचं कसं, हा मोठा प्रश्न. ३६० च्या पुढचे यूव्हीए ते फारसे अडवत नाही, म्हणजे जोडीदार लागणारच. शिवाय सुरक्षा-चाचण्या यालाही आहेत; निसर्गातून आलंय म्हणून सूट नाही. सध्या लाल शैवालाचा अर्क असलेली क्रीम मिळतात, पण त्यात तो बहुधा जोडीला थोडासाच असतो. लेबलवरचं पान बघून भुलू नका, 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलंय का ते बघा.

तोवर काय लावायचं? एसपीएफ ३० नीट लावलं तर यूव्हीबीचे साधारण ३ टक्केच आत जातात, ५० ला २ टक्के. फरक आकड्यापेक्षा मात्रेने पडतो: चेहरा आणि मानेला दोन बोटांवर मावेल एवढं, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. बाईकवाल्यांनो, हाताच्या मागच्या बाजूलासुद्धा.