‘तेवढा एक’ मोठ्या कंपनीतला माणूस

“तेवढा एक मोठ्या कंपनीतला सीटीओ मिळाला ना, की लागली गाडी मार्गाला!” हे वाक्य मी पुण्याच्या विश्रांतवाडीत इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्याने ‘तेवढा एक’ म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करतो. बोलणारा बहुधा क्लासवाला असतो. टिंगरेनगरात नाहीतर धानोरीत पंधरा वर्षं दहावी-बारावीचे क्लास चालवलेले, लॉकडाउनमध्ये नाइलाजाने ऑनलाइन गेलेले आणि मग कुणा फ्रीलान्सरकडून ॲप करून घेतलेले सर. मुलं वाढली, ॲप कोसळायला लागलं, आता इंजिनिअरिंग सांभाळणारा खमक्या माणूस, म्हणजे सीटीओ, हवा. येरवडा-खराडीच्या आयटी पार्कांतून सुटलेली गर्दी तर रोज संध्याकाळी विश्रांतवाडी चौकातच अडकलेली असते. त्यातलाच एक उचलला की झालं, असं सरांना वाटतं.

होत नाही. आणि हे माझं मत नाही. हार्वर्डच्या बोरिस ग्रॉयसबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ साली एक अभ्यास छापला. वॉल स्ट्रीटवरचे १,०५२ नामांकित विश्लेषक, १९८८ ते १९९६ या काळातले. त्यातल्या ज्यांनी कंपनी बदलली, त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांची कामगिरी नव्या जागी पहिल्याच वर्षी घसरली. घसरण सरासरी २० टक्क्यांच्या आसपास, आणि पाच वर्षांनीही ती पुरती भरून निघाली नव्हती. आपली जुनी माणसं सोबत घेऊन गेलेल्यांचं त्यातल्या त्यात बरं चाललं. म्हणजे आपण ज्याला ‘हुशार माणूस’ म्हणतो, त्यातला बराचसा भाग जुन्या ऑफिसातच राहिलेला असतो: तिथली माणसं, तिथली साधनं, तिथे कुणाला फोन केला की काम होतं याची माहिती.

“ते शेअर बाजाराचं झालं हो, आपल्याला काय त्याचं?” असं सर विचारतात. मग आपल्याच वाडीतलं ऐका.

गेल्या वर्षी अशाच एका सरांनी एका अवाढव्य कंपनीतले गृहस्थ आणले. हाताखाली दोनशे माणसं सांभाळलेले, बोलणं लोण्यासारखं. सरांचं ऑफिस म्हणजे मेडिकलच्या दुकानावरचा फ्लॅट. स्वयंपाकाच्या ओट्यावर राउटर आणि चहाचं पातेलं शेजारी-शेजारी. पहिल्या दिवशी गृहस्थांनी विचारलं, “सर्व्हर बघणारी टीम कुठे बसते?” सरांनी गॅलरीकडे बोट दाखवलं. तिथे कपडे वाळत घालायच्या दोरीखाली मांडीवर लॅपटॉप घेऊन तेवीस वर्षांचा एक मुलगा बसला होता. टीम तीच.

अडचण काय होती, तर दर रविवारी सकाळी दहाला सराव परीक्षा. पावणेदहाला सर्व्हर निवांत, आणि दहाच्या ठोक्याला साडेतीन हजार मुलं एकदम ‘सुरू करा’ दाबणार. एकला पुन्हा तोच गोंधळ, आता ‘सबमिट’वर. बाकी आठवडाभर सर्व्हर माश्या मारतो. शिकवण्याच्या धंद्यातली गर्दी एसटी स्टँडसारखी दिवसभर वाहत नाही, पिक्चर सुटल्यासारखी एकदम दारावर येते. गृहस्थांचं निदान असं, की सगळी रचना मुळापासून बदलायची, तिचे वीस-बावीस स्वतंत्र तुकडे करायचे, प्रत्येकाला वेगळी टीम द्यायची. मुदत आठ महिने. ते मूर्ख नव्हते. जिथून आले होते तिथे हेच उत्तर बरोबर होतं, कारण तिथे वीस टीम होत्या.

गॅलरीतल्या मुलाने काय केलं? पेपर आदल्या रात्रीच कुलूपबंद करून प्रत्येकाच्या फोनवर उतरवून ठेवला. दहा वाजता पाठवायची ती फक्त किल्ली, म्हणजे चार-सहा डझन अक्षरं. उत्तरं फोनमध्येच साठवायची आणि एक वाजल्यानंतर दहा मिनिटांत, ज्याची त्याची वेगवेगळ्या क्षणी, वर चढवायची. रेंज गेली तरी पेपर अडत नाही, हा वरचा फायदा. सर्व्हर तोच, भाडं तेच, कोसळणं बंद. गृहस्थ पाच महिन्यांनी गेले. त्यांच्या पगारात तशा तीन मुलांची दोन वर्षं निघाली असती, हा हिशेब सरांनी मला करू दिला नाही.

मग कुणाला आणायचं? याचं उदाहरण पुण्यातच आहे. अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली. मुदत तीन वर्षं, हाताशी सुमारे तीस कोटी. प्रमुख नेमले विजय भटकर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, त्याआधी तिरुवनंतपुरमला इलेक्ट्रॉनिक्सचं संशोधन केंद्र चालवलेले. महासंगणक त्यांनी तोवर बांधला नव्हता. नेमणाऱ्यांनी ‘आधी क्रे कंपनीत होतात का?’ ही अट घातली असती तर जागा आजही रिकामी असती. बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर चिपा एकमेकींना जोडून १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. भटकर नवखे मात्र नव्हते. माणसं जमवून, तुटपुंज्या साधनांत वस्तू तयार करून दाखवण्याचा त्यांना सराव होता. उमेदवाराच्या बायोडेटात तेवढं शोधायचं. कंपनीचं नाव अंगठ्याने झाकून वाचा, मग उरतं किती ते बघा.

आता बाकीचे समज, भराभर.

“पंधरा वर्षांखालच्या अनुभवाचा नको.” २०१९ साली व्हॅन इडेकिंग आणि सहकाऱ्यांनी ८१ अभ्यास एकत्र तपासले. आधीच्या अनुभवाचा नव्या नोकरीतल्या कामगिरीशी संबंध निघाला ०.०६. शून्यच म्हणा.

“दहा मिनिटं बोललो की मला माणूस कळतो.” नाही कळत, सर. सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारून गुण देणारी मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा कितीतरी भरवशाची, हे संशोधक सॅकेट यांच्या २०२२ च्या पाहणीतही दिसलं. रविवार दहाचा प्रश्न प्रत्येक उमेदवारासमोर ठेवा, एवढं पुरे.

“मॅनेजर हवा, कोड यायची गरज नाही.” हे दुसरं टोक. अमेरिका-ब्रिटनमधल्या ३५,००० नोकरदारांच्या अभ्यासात, ज्यांच्या साहेबाला त्यांचं काम स्वतः करता येतं, ते जास्त समाधानी आढळले. गॅलरीतल्या मुलाला विचारलं तरी तो हेच सांगेल.

“आधी एडटेकमध्येच काम केलेला हवा.” बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ज्या ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-ॲपवर नेतात, ते ‘सनबर्ड’ या सॉफ्टवेअरच्या पायावर उभं आहे. तो पाया एकस्टेप संस्थेतून आला आणि तेव्हा तिथले सीटीओ होते प्रमोद वर्मा. त्याआधी ते एडटेकचे नव्हे, आधारचे मुख्य रचनाकार होते. मोठं नाव आहे, मान्य. पण आधारही शून्यातून उभं केलेलं काम.

“स्पर्धकाकडचा माणूस घेता येत नाही, त्याने बाँड लिहून दिलाय.” नोकरी सुटल्यानंतर स्पर्धकाकडे जाण्यावरची बंदी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. गुपितं न फोडण्याची अट टिकते, आणि ठरावीक काळ नोकरी करण्याचा बाँड मोडला तर भरपाई द्यावी लागू शकते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

“पगार कमी देऊ, शेअर देऊ.” द्या, पण शेअर हातात घेताना बाजारभाव आणि दिलेली किंमत यांतल्या फरकावर त्याला पगारासारखा कर बसतो. तो लांबवायची सवलत सरकारी मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या मोजक्या स्टार्टअपनाच आहे. बहुतेक सरांना हे उमेदवाराकडूनच कळतं आणि चेहरा बघण्यासारखा होतो.

“मुलांच्या माहितीचं काय ते वकील बघेल.” २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचा प्रत्येक जण मूल आहे, म्हणजे तुमचा जवळजवळ अख्खा क्लास. पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, चूक झाली तर दंड दोनशे कोटींपर्यंत. संमती कुठल्या पडद्यावर घ्यायची आणि कुठे साठवायची, हे वकील कोडमध्ये लिहून देत नाही.

परवा त्याच सरांनी नव्या जाहिरातीचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला, ‘जरा नजर टाका’ म्हणून. पहिली ओळ: ‘नामांकित बहुराष्ट्रीय कंपनीतील किमान १५ वर्षांचा अनुभव आवश्यक.’ मी ती खोडून परत पाठवली. संध्याकाळी जाहिरात लागली. ओळ जागच्या जागी होती. फक्त १५ चे १२ झाले होते.