वशिंडाची किंमत

मांसासाठी गुरे पाळणाऱ्या अमेरिकी पशुपालकाचा हिशेब कालवड दोन वर्षांची होताना विते की नाही यावर ठरतो. गर्भकाळ सुमारे २८३ दिवसांचा असल्याने ती पंधराव्या महिन्याच्या आसपास गाभण राहावी लागते, आणि पहिल्यापेक्षा तिसऱ्या माजाला गर्भ धरण्याची शक्यता अधिक असल्यामुळे ती त्याआधी दीड महिना तरी वयात आलेली बरी. कोवळ्या कालवडीच्या अंडाशयात पुटके, म्हणजे बीजांड धारण करणाऱ्या पिशव्या, वाढत असतातच. परंतु त्यांतून स्रवणाऱ्या अल्पशा इस्ट्रोजेननेही मेंदू पियुषिका ग्रंथीला आवर घालतो, आणि वयाबरोबर व वजनाबरोबर ही संवेदनशीलता ओसरली की मगच पियुषिकेची संप्रेरके वारंवार स्रवू लागून पहिले बीजांड सुटते. युरोपीय वंशाच्या कालवडी साधारणतः प्रौढ वजनाच्या ६० ते ६५ टक्के भरल्यावर या टप्प्याला पोचतात.

टेक्सास आणि मेक्सिकोच्या आखाताकाठची राज्ये यांच्या उन्हात व गोचिडांत हेरफर्ड, शॉर्टहॉर्न या जातींचा निभाव कठीण, म्हणून तेथे गीर, कांक्रेज, ओंगोल आणि सांगली-बेळगाव भागातील कृष्णाखोरे या भारतीय जातींच्या रक्तातून ब्राह्मण ही वशिंडाची जात घडवली गेली. तिने उष्णता सोसली, पण तिच्या कालवडी युरोपीय कालवडींपेक्षा कित्येक महिने उशिरा माजावर येतात, आणि वजनाच्या काट्यावर ही उणीव दिसत नाही.

संकराने ती बरीचशी भरून निघते. ब्राह्मण आणि हेरफर्ड यांची पहिल्या पिढीची कालवड दोन्ही जातींच्या सरासरी वयापेक्षा लवकर वयात येते. संततीने आईबापांच्या सरासरीवर मिळवलेल्या या सरशीला संकरओज म्हणतात. वळूकडूनही मदत होते. नेब्रास्कातील क्ले सेंटर येथील संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवले की वळूची जात कोणतीही असो, वृषणकोशाचा घेर सुमारे २७.९ सेंटिमीटर झाला की तो वयात येतो. ज्या वळूचा घेर कमी वयात मोठा, त्याच्या मुलीही लवकर माजावर येण्याकडे कल असतो, त्यामुळे साध्या फितीने घेतलेले हे माप निवडीला उपयोगी पडते.

अडचण पुढच्या पिढ्यांची आहे: संकरित जनावरांचीच आपसात पैदास केली की हे ओज घटते. टेक्सासमधील किंग रँचवर तयार झालेल्या सांता गर्ट्रुडिस या जातीत पाच अष्टमांश शॉर्टहॉर्न व तीन अष्टमांश ब्राह्मण रक्त असते. एकाच जनुकस्थानी दोन वेगळ्या जातींची जनुके जुळण्याचा संभव तीत ६४ पैकी ३० एवढाच राहतो, म्हणजे पहिल्या पिढीचे ओज हिशेबाने ४७ टक्क्यांवर येते. स्थिर जात सोयीची खरी, पण प्रजननाच्या दृष्टीने ती तडजोडच आहे. टेक्सासच्या बाजारात पट्टेरी अंगामुळे ‘टायगर स्ट्राइप’ म्हणवणाऱ्या हेरफर्ड-ब्राह्मण कालवडींना चढा भाव मिळतो तो यामुळेच, आणि त्या दर पिढीला नव्याने तयार कराव्या लागत असल्याने कुणीतरी शुद्ध ब्राह्मण व शुद्ध हेरफर्ड यांचे कळप सांभाळत राहणे अपरिहार्य ठरते.