जुन्या गाडीतला पाण्याचा माग

२७ जुलै २०१९ च्या पहाटे उल्हास नदीचं पाणी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान रुळांवर चढलं आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस वाटेतच अडकली. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आणि आसपासचे गावकरी यांनी मिळून हजारावर प्रवाशांना सुखरूप बाहेर काढलं. ती छायाचित्रं साऱ्या देशानं पाहिली. नदीकाठच्या वस्त्यांत, इमारतींच्या स्टिल्टखाली आणि सखल रस्त्यांवर उभ्या असलेल्या मोटारींची बातमी मात्र झाली नाही. पाणी ओसरल्यावर अशा गाड्या धुतल्या जातात, काहींचे विम्याचे दावे मंजूर होतात, काही गॅरेजमधून दुरुस्त होऊन येतात. आणि त्यांतल्या काही चकाचक पॉलिश होऊन विक्रीला उभ्या राहतात.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जुनी गाडी घेणारा माणूस साधारण तीन प्रश्न विचारतो. किती किलोमीटर चालली? कितवा मालक? शेवटची किंमत काय? उल्हास, वालधुनी आणि खाडीच्या या पट्ट्यात त्याआधी चौथा प्रश्न विचारायला हवा. गाडी कधी पाण्यात गेली होती का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कल्याण आणि बदलापूरचे मोठे भाग पाण्याखाली होते. त्या वेळच्या गाड्या आता बाजारातून जवळजवळ गेल्या. २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यांतल्या गाड्या मात्र आजच्या बाजारात आहेत.

शिवाय गाडीला चाकं असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये असंख्य वाहनं बुडाली. एमएच-०४ म्हणजे ठाणे, एमएच-०५ म्हणजे कल्याण एवढं नंबरप्लेट सांगते, पण तो फक्त नोंदणीचा पत्ता असतो. पुराच्या दिवशी गाडी कुठे उभी होती, हे प्लेटवरून कळत नाही.

पाणी नेमकं काय करतं?

पहिला घाव इंजिनावर बसतो. पेट्रोल इंजिनात पिस्टन हवेला सुमारे दहापट दाबतो, डिझेलमध्ये हा आकडा पंधरा-सोळाच्या पुढे जातो. हवा दबते, पाणी दबत नाही. बुडालेल्या गाडीला कुणी घाईनं स्टार्टर मारला आणि सिलिंडरमध्ये पाणी असलं, तर वर येणारा पिस्टन अडतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड तुटला तर निदान दोष उघड होतो. तो किंचित वाकला, तर गाडी सुरू होते, चालते, विकलीही जाते, आणि काही महिन्यांनी नव्या मालकाच्या हातात इंजिन बसतं.

दुसरा घाव सावकाश पडतो आणि तोच अधिक फसवा असतो. आजच्या मोटारीत वायरिंगचं मोठं जाळं असतं आणि त्याचे बरेच जोड सीटखाली, डॅशबोर्डच्या आत किंवा पायांजवळच्या गालिच्याखाली दडलेले असतात. शुद्ध पाणी विजेचं फार चांगलं वाहक नाही. पुराचं पाणी गाळ, सांडपाणी आणि क्षार घेऊन येतं, खाडीच्या भरतीचं पाणी तर खारंच. दोन पिनांमध्ये असं पाणी साचलं आणि त्यांना बॅटरीचा १२ व्होल्टचा दाब मिळाला, की तिथे विद्युत अपघटन सुरू होतं. धन बाजूच्या पिनेतलं तांबं विरघळू लागतं आणि मागे हिरवट थर उरतो. या थरामुळे जोडाचा विद्युतरोध वाढतो. सेन्सर आणि कंट्रोल युनिट यांच्यातले बरेच संदेश पाच व्होल्टच्या आतले असतात, त्यामुळे थोडासा वाढलेला रोधही चुकीचा आकडा पोहोचवतो. मग एखाद्या दिवशी पॉवर विंडो अडते, कधी एबीएसचा दिवा लागतो, कधी गाडी सिग्नलला बंद पडते. प्रत्येक वेळी वेगळा भाग बदलला जातो आणि मूळ कारण गालिच्याखाली राहतं.

तिसरा मुद्दा लोखंडाचा. गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, क्षार त्या क्रियेला वेग देतात. गालिच्याखालचा फोम पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या गाडीचा पत्रा आतून आठवडेच्या आठवडे ओला राहतो.

हात घालून पाहायच्या जागा

गाडी धुता येते, सुगंधी फवारा मारता येतो, सीट कव्हर नवी घालता येतात. तरी काही जागांपर्यंत सफाई करणाऱ्याचा हात क्वचितच पोहोचतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. गुंडाळीच्या आतल्या टोकाला चिखलाची आडवी रेघ किंवा पट्ट्याचा बदललेला रंग सहज लपत नाही. सीट मागे-पुढे सरकवून खालचे बोल्ट आणि रुळ बॅटरीच्या उजेडात पाहावेत, कारण केबिनच्या आतल्या बोल्टला गंज धरायचं एरवी कारण नसतं. डिकीत स्टेपनी उचलून खालचा खड्डा बोटानं पुसून पाहावा, बारीक गाळ तिथे बसतो. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का, फ्यूज बॉक्समध्ये हिरवट डाग आहेत का, हेही पाहावं. इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून पाहावी. दुधाळ, कॉफीच्या रंगाचं ऑइल म्हणजे त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलं आहे.

एक जुनी गाडी पूर्ण नवी सीट कव्हर, नवे गालिचे आणि तीव्र सुगंध घेऊन समोर आली, तर कौतुकाआधी चौकशी करावी.

गाडी पाहायला जाताना इंजिन थंड असावं, असं आधीच सांगून ठेवावं. गरम इंजिन बरंच झाकतं. थंड स्टार्टला निळसर धूर निघाला तर ऑइल जळत आहे. पांढरी वाफ बराच वेळ थांबली नाही तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझायला हवा. तो मुळीच लागत नसेल तर दोष लपवण्यासाठी दिवाच बंद केला असण्याची शंका घ्यावी, कारण असा दोष जिवावर बेतणारा असतो.

रंगाची जाडी आणि मीटरचा आकडा

ठोकलेली गाडी ओळखायला रंगाची जाडी मोजतात. कारखान्यातून आलेल्या मोटारीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डेंटिंग-पेंटिंग झालेल्या भागावर हा आकडा २०० च्या पुढे जातो, आणि खाली पुट्टी भरली असेल तर कित्येक शेकड्यांत. मोजणारं छोटं यंत्र चुंबकीय तत्त्वावर चालतं. यंत्र आणि पत्रा यांच्यामध्ये रंग किंवा पुट्टी जितकी जाड, तितका चुंबकीय प्रभाव क्षीण. प्लॅस्टिकच्या बंपरवर ही युक्ती चालत नाही. एका दारावरचा ओरखडा मिटवायला रंग दिला असेल तर बिघडलं नाही. खांब, छत आणि पुढच्या चाकांजवळची चौकट इथे जाडी वेगळी निघाली, तर मार मोठा होता.

काचांवरचे शिक्के वाचावेत. एकाच गाडीच्या पाच काचा एका कंपनीच्या आणि सहावी वेगळीच असेल तर ती का बदलली हे विचारावं. टायरच्या बाजूला चार आकडी क्रमांक असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०१९ ची गाडी २५ हजार किलोमीटर चालल्याचं मीटर सांगत असेल आणि चारही टायर दोन वर्षांपूर्वीचे असतील, तर पहिले टायर एवढ्यात कसे संपले, हा साधा हिशेब पुढे येतो.

डिजिटल मीटर म्हणजे फसवणूक नाही, हा समज चुकीचा आहे. आकडा मीटरच्या आतल्या मेमरी चिपमध्ये साठवलेला असतो आणि योग्य उपकरणानं तो खाली आणता येतो. पण गाडीचा वापर एकाच जागी नोंदला जात नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक पावतीवर तारीख आणि किलोमीटर असतात. तो क्रम सलग वाढता आहे का, हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. क्लचच्या पेडलचं झिजलेलं रबर, गुळगुळीत झालेलं स्टीअरिंग आणि ड्रायव्हरच्या सीटची दबलेली कड यांचा मीटरशी मेळ बसायला हवा.

भारतात २०१३ पासून मोटारींना ओबीडी-२ ही स्वनिदान यंत्रणा आहे. स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लहान ब्लूटूथ स्कॅनर लावला, की इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधले दोष-संकेत मोबाइलवर दिसतात. यातली खरी उपयोगी नोंद वेगळीच आहे. संकेत पुसल्यानंतर गाडी किती अंतर चालली, हा आकडा अनेक गाड्या देतात. तो आठ-दहा किलोमीटरच असेल, तर गाडी दाखवायच्या थोडं आधीच कुणीतरी इशारे पुसले आहेत.

कागद काय सांगतो, काय सांगत नाही

ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना चक्रीवादळात लाखो गाड्या बुडाल्या आणि त्यांतल्या अनेक स्वच्छ कागदपत्रांनिशी दुसऱ्या राज्यांत विकल्या गेल्या. वाहनांच्या इतिहासाची तिथली राष्ट्रीय यंत्रणा २००९ पासून सामान्य ग्राहकांसाठी खुली झाली. आपल्या आरसीवर 'पुरात बुडालेली' असा शिक्का नसतो. म्हणूनच गाडीच्या अंगावरचा पुरावा आणि कागदावरचा पुरावा एकमेकांसमोर ठेवून वाचावे लागतात.

एमपरिवहन ॲप किंवा वाहन पोर्टलवर नोंदणीची तारीख, मालकाचा क्रमांक, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा कळतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ शिवाय पुढे जाऊ नये. थकलेली ई-चलानं वेगळी तपासावीत. चेसिस क्रमांक सतरा अक्षरांचा असतो, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात. तो पत्र्यावर कोरलेला, काचेखालच्या किंवा दाराजवळच्या पट्टीवरचा आणि आरसीवरचा असा जुळवून पाहावा. टोटल लॉस झालेल्या गाडीचे कागद चोरीच्या गाडीला चिकटवायचे, ही पद्धत पोलिस तपासांत वारंवार उघड झाली आहे. कोरलेल्या आकड्यांभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

विम्याची जुनी पॉलिसी मागावी, कारण तिच्यातला नो क्लेम बोनस बोलका असतो. दावा न करणाऱ्या मालकाला तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा वर्षागणिक वाढत मिळतो. पाच वर्षांच्या एकहाती गाडीवर तो शून्य दिसला, तर दावा कशासाठी केला होता हे विचारून घ्यावं. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, म्हणून तो खरेदीदाराकडे येत नाही.

शेवटचं काम नावावर करून घेण्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या विक्रीची माहिती विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात नेमक्या या मुद्द्यावर निकाल दिला. गाडी एकामागून एक हातांत गेली होती, आरटीओच्या नोंदीत मात्र मूळ मालकाचंच नाव होतं, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, तेव्हा ते दाखवायला सांगणं हा ग्राहकाचा हक्क आहे. टोकन देतानाच पावतीवर लिहून घ्यावं, की गाडी पुरात बुडालेली किंवा टोटल लॉस झालेली नाही, आणि तसं निघाल्यास रक्कम परत मिळेल. विकणारा या दोन ओळींवर सही करायला कचरला, तर टोकनचे पैसे खिशातच ठेवून पुढची गाडी पाहावी.