दहा हजारांच्या पुढचा हिशेब

दारू पिऊन गाडी चालवताना सापडलं की दहा हजार रुपये दंड, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. 2019च्या दुरुस्तीआधी तो दोन हजार होता. पण खरा खर्च पावतीवर दिसतच नाही.

नाकाबंदीत पोलिसांच्या यंत्रात फुंकलं की श्वासातल्या अल्कोहोलचं प्लॅटिनमच्या पत्र्यावर ऑक्सिडीकरण होतं, बारीकसा विद्युतप्रवाह निघतो आणि त्यावरून रक्तातलं प्रमाण काढलं जातं. 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या वर गेलात की प्रकरण कोर्टात. जागेवर पैसे भरून सुटका नाही. म्हणजे वकिलाची फी आली, खाडे आले. लायसन्स निलंबित झालं तर रिक्षावाल्याची चूलच थंडावते. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर 15 हजार, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

सगळ्यात मोठा खड्डा विम्याचा. चालक नशेत असेल तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारते, मग हप्ता कितीही वेळेवर भरलेला असो. जखमीला कंपनीने भरपाई दिली, तरी ती गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा न्यायाधिकरण देऊ शकतं. ही रक्कम लाखांत जाऊ शकते. पॉलिसीतलं अपवादांचं कलम एकदा काढून वाचाच.