बाल्कनीच्या स्लायडिंग दाराचं लॉक बदलताय? आधी दार उचलून बघा

बाल्कनीचं काचेचं दार ओढून घेतलं, लॉक लावायला गेलो, तर ते लागतच नाही. आपण लगेच म्हणतो, लॉक गेलं. पण दुकानात जाण्याआधी एक करा. दार बंद करून दोन्ही हातांनी किंचित वर उचलून धरा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला लॉक लावायला सांगा. लागलं, तर लॉक बहुधा ठीक आहे. दाराखालची बेअरिंग झिजली आहेत.

याचं कारण वजन. ५ मिमी जाडीची काच प्रति चौरस मीटर सुमारे १२.५ किलो भरते. म्हणजे ७ फूट बाय ३ फूट दारात नुसती काचच २४ किलोच्या आसपास. हे सगळं वजन खालच्या छोट्या चाकांवर असतं. ती झिजली की दार दोन-तीन मिलिमीटर खाली बसतं आणि लॉकचा आकडा चौकटीतल्या खाचेसमोर येतच नाही. नवीन लॉकही मग तसंच अडेल. ट्रॅकमधली माती काढा. बऱ्याच दारांना खालच्या कडेला दार वर-खाली करणारा स्क्रू असतो, तो फिरवून बघा. नाहीतर बेअरिंग बदलून घ्या.

दार उघडं असतानाही लॉक अडकत असेल, तर मात्र ते खरंच बदलायला हवं. जुनं लॉक काढून सोबतच न्या. ते जमत नसेल, तर दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, दर्शनी पट्टीची लांबी-रुंदी आणि लॉक आत किती खोल जातं, एवढं मोजा. चावीचं लॉक असेल तर पट्टीपासून चावीच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचं अंतरही लागतं. ‘हेच बसतं सगळ्यांना’ यावर विसंबू नका. दोन मिलिमीटरचा फरक पडला की ड्रिल बाहेर निघतं, आणि टफन्ड काचेच्या कडेला जोराचा धक्का बसला तर अख्खी काच चुरा होते. लॉक बाहेर किती येतं तेही बघा. जास्त आलं तर दुसऱ्या दाराला घासेल. यूपीव्हीसी दारात लॉक बहुतेकदा लांब पट्टीच्या यंत्रणेचा भाग असतं. तिथे दार बसवणाऱ्याकडूनच त्याच मापाचा भाग मागवणं सोपं.

आता प्रकार. याकडे फार कमी लोक लक्ष देतात. काही टच लॉक दार ओढताच आपोआप लागतात. खिडकीला हे सोयीचं आहे, बाल्कनीच्या दाराला नाही. तुम्ही कपडे वाळत घालायला बाहेर गेलात आणि आतून दोन वर्षांच्या मुलाने दार सरकवलं, तर तुम्ही बाहेर आणि मूल आत, गॅसवर दूध. घरात लहान मूल किंवा विसराळू आजी-आजोबा असतील तर हाताने लावावं लागणारं लॉकच घ्या, आणि ते मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर बसवता येतं का ते विचारा. बाहेरूनही चावीने उघडणारं मिळालं तर उत्तम, फक्त ती चावी शेजाऱ्यांकडे देऊन उपयोग नाही, ती बाल्कनीतच हवी. अर्थात हे वरच्या मजल्यावर. तळमजल्यावर बाहेर चावी ठेवू नका.

समुद्राजवळ राहत असाल तर बाहेरच्या चकाकीपेक्षा आतली स्प्रिंग आणि स्क्रू कशाचे आहेत ते विचारा. खाऱ्या हवेत साधं पोलाद लवकर गंजतं. स्टेनलेस स्टीलमध्येही ३०४ पेक्षा ३१६ खाऱ्या हवेत जास्त टिकतं.

तळमजल्यावर किंवा बंगल्यात आणखी एक तपासा. लॉक लावलेलं असतानाही दार वर उचलून ट्रॅकमधून निघतं का? निघत असेल तर वरच्या ट्रॅकमध्ये दार उचललं जाऊ नये म्हणून अडणी बसवून घ्या, आणि रात्री सरकत्या दारामागे खालच्या ट्रॅकमध्ये मापाने कापलेली लाकडी काठी आडवी टाका.