औषधाला न जुमानणारा विषाणू



तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात यंत्रमागाचा खडखडाट ज्याच्या कानी रोज पडतो, त्याला एक गोष्ट ठाऊक असते. ताण्यातला एखादा धागा तुटला आणि विणकराचे लक्ष नसले, तर साधा माग थांबत नाही. दोष तसाच पुढच्या कापडात उतरत जातो. एड्सला कारण होणाऱ्या एचआयव्ही या विषाणूची रीत काहीशी अशीच आहे.

हा विषाणू रक्तातील पांढऱ्या पेशींत शिरून आपल्या प्रती काढतो. उपचार नसेल तर शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू निपजतात. प्रत उतरविणाऱ्या त्याच्या विकरापाशी चूक दुरुस्त करण्याची सोय नाही. बहुतेक चुका निष्फळ ठरतात. परंतु एखाद्या चुकीने विषाणूची घडण अशी बदलते, की औषध त्याला बाधत नाही. मग इतरांची वाढ खुंटते आणि हाच तेवढा फोफावतो. यालाच औषधप्रतिकार म्हणतात. शरीराला औषधाची सवय होते, हा समज खरा नव्हे; बदलतो तो विषाणू, माणूस नव्हे.

1987 साली झिडोव्ह्युडिन हे पहिले औषध मान्य झाले आणि 1989 मध्येच त्याला न जुमानणारे विषाणू आढळले. 1996 च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली; कारण तिन्हींना चकविणारे बदल एकाच प्रतीत जुळून येणे फारच विरळा. भारतात 1 एप्रिल 2004 पासून हे उपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळू लागले. आज टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे बहुतेक रुग्णांना दिवसाकाठी एकाच गोळीतून मिळतात.

मग प्रतिकार उद्भवतो कोठून? समजा, मागावर काम करणारा कोणी लग्नकार्यासाठी गावी गेला आणि नातलगांच्या नजरेस पडू नये म्हणून गोळ्यांची डबी घरीच ठेवली. रक्तातील औषध ओसरू लागते, पण एकदम नाहीसे होत नाही. अशा अर्धवट औषधात विषाणू वाढतो आणि त्यातून धीट तेवढे निवडले जातात. तेच पुढे दुसऱ्यासही लागू शकतात.

रक्तातील विषाणूंची संख्या वाढली, की प्रतिकारच झाला असे मात्र नव्हे. गोळ्या नियमित घेतल्या जातात की नाही, हे आधी पाहावे लागते. मग पुन्हा तपासणी होते आणि गरज पडली तरच औषध बदलतात. म्हणून चुकलेल्या गोळ्या डॉक्टरांपासून लपवू नयेत. रुग्णाच्या संमतीवाचून त्याचा आजार इतरांस सांगण्यास 2017 च्या कायद्याने मनाई केली आहे; तो 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आहे.

गोळी रुग्णानेच घ्यावयाची असते, हे खरे. पण ती लपून घ्यावी लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. ज्या घरात डबी उघड्यावर ठेवता येते, त्या घरात विषाणूला संधी कमी मिळते.